न्हाणी म्हणजे खोली की ट्रॅप?

जुळेसोलापूरकर: आईला पाय उचलून आत जाणं जड जातं, म्हणून जुना टब काढून बुटका बसवतोय. नव्या टबाचं भोक जुन्या पाइपापासून वीतभर सरकलंय. मिस्त्रींना चिठ्ठीत लिहिलं, 'टबाचं पाणी न्हाणीत सोडा.' आमच्याकडे न्हाणी म्हणजे आंघोळीची जागा. ते म्हणतात, न्हाणी फरशीखाली असते, लादी फोडावी लागेल. न्हाणी फरशीखाली कधी गेली?

साइटवरचा: मिस्त्री बरोबर आहेत. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' असंच छापतात. आपला शब्द तिथवर गेला, याचा मला अभिमान आहे. ट्रॅप म्हणजे फरशीखालचं भांडं; त्यात साधारण 50 मिमी पाणी कायम उभं असतं, ते गटाराचा वास अडवतं.

शब्दनिष्ठ: मग 'ट्रॅप' तरी कशाला? 'जलबंध' म्हणा. आणि न्हाणी 'स्नान'च्या कुळातली, तिचं भांडं करू नका.

साइटवरचा: दुकानात 'नाणी ट्रॅप' मागितला की लगेच हातात पडतो. जलबंध कोण काढून देणार?

पूर्वभाग: आमच्या घरी न्हाणी नव्हतीच, मोरी होती. तेलुगूतही मोरी आहे, गटार या अर्थाने. मराठीत तो तिकडूनच आला असणार.

अक्कलकोटरोड: कन्नडमध्येही मोरी आहे, हिंदीतही. एकट्या तेलुगूचा कसा? आमच्या कन्नड घरात आंघोळीच्या जागेला 'बच्चलु' म्हणतात.

पूर्वभाग: हिंदीने दक्षिणेतून उचलला नसेल कशावरून?

नळकाम: शब्दांचं चालू द्या, पण खाली न्हाणी ट्रॅप असेल तर टबाला वेगळा ट्रॅप लावू नका. दोन मागेपुढे आले की मधे हवा कोंडते, पाणी रेंगाळतं. पाइपाला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार ठेवा. सरकलेलं भोक जुळवायला लवचिक नळी घालू नका. तिच्या वळ्यांत केस न् साबण बसतो.

जुळेसोलापूरकर: उताराचं सांगतो त्यांना. चिठ्ठीत मात्र काय लिहू?

मंगळवेढ्याची: मुळात टबात आंघोळ होते, न्हाणं नाही. न्हाणं डोक्यावरून. आई 'आज न्हायचंय' म्हणाली की शिकेकाई निघायची; रोजची ती आंघोळ.

शब्दनिष्ठ: बाळाला रोज न्हाऊ घालतात, तिथे कुठे शिकेकाई? तुमचा अर्थ फार आखूड आहे.

मंगळवेढ्याची: बाळाच्याही टाळूवरून पाणी ओततातच की!