पीएसके३१ स्वच्छ, एमएफएसके३२ मध्ये मात्र नुसता कचरा (४० मीटर, एफएलडिजी)

लघुलहरी:
पुणे–नागपूर, हॅम रेडिओचा ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँड, दोन्हीकडे एफएलडिजी (रेडिओवरून मजकूर पाठवायचं सॉफ्टवेअर). पीएसके३१ या डिजिटल मोडवर एकही अक्षर न गळता बोलणं होतं. पण एफएलअँपने (एफएलडिजीसोबतचा फाइल पाठवायचा प्रोग्राम) ३ केबीची फाइल पाठवायला एमएफएसके३२ मोड लावला की समोर कचरा उमटतो. ऑलिव्हिया ८/५०० या मोडचंही तेच. वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणारा स्क्रीनवरचा पट्टा) सिग्नल दणदणीत आहे, २५ वॅटचे ५० केले तरी फरक शून्य. आमची डायल ७.०४० मेगाहर्ट्झवर, समोरच्यांना मात्र ७.०४३ वर आल्यावरच सिग्नल ऑडिओत १५०० हर्ट्झवर सापडतो. त्यांची रिग (रेडिओ संच) जुनी आहे, फ्रीक्वेन्सी सरकली असेल. साउंडकार्ड बदलावं का?

उलटी_बाजू:
साउंडकार्डाला हात लावू नका. रिग सरकलेली नाही, ती एलएसबीवर (लोअर साइडबँड, सिग्नल डायलच्या खाली) आहे. हिशेब बघा: तुम्ही यूएसबीवर (अपर साइडबँड, सिग्नल डायलच्या वर), ७०४० + १.५ = ७०४१.५ किलोहर्ट्झ. ते एलएसबीवर, ७०४३ − १.५ = तेच ७०४१.५. फरक बरोबर १५०० च्या दुप्पट, हा योगायोग नव्हे. ४० मीटरवर आवाजी बोलण्यासाठी एलएसबी वापरतात, ती सवय नडते. डिजिटलला सगळ्या बँडवर यूएसबीच.

पीएसके३१ चाललं कारण त्यात फक्त फेज उलटते, आरशात पाहिलं तरी तीच दिसते. एमएफएसके आणि ऑलिव्हियात माहिती टोनच्या क्रमात असते. बाजू उलटली की सर्वांत खालचा टोन सर्वांत वर जातो. खात्री हवी तर क्यूपीएसके३१ मोड लावून बघा, तोही फसेल. त्यांना यूएसबीवर ७.०४० ला यायला सांगा. ते जमत नसेल तर एफएलडिजीतलं ‘आरव्ही’ (रिव्हर्स, टोनचा क्रम उलटवणारं) बटण त्यांच्याकडे दाबून ठेवायचं.

मंद_बॉड:
वरचं निदान पक्कं. पॉवर मात्र पुन्हा २५ वर आणा: एमएफएसकेत कॅरियर अखंड असतो, फायनल्स (रिगमधले शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) तापतात. स्पीच प्रोसेसर बंद ठेवा. ऑडिओ हळूहळू वाढवा, एएलसीची (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) सुई हलायला लागली की थोडं मागे या. पीएसके३१ ला हे जास्त लागू, तिथे जास्त ऑडिओ दिला की बाजूला पट्टे उमटतात आणि शेजारी वैतागतात. १५०० च्या आसपासच राहा. ७०० वर बसलात तर १४०० आणि २१०० चे हार्मोनिक्स फिल्टरमधून आरामात निघून जातात.

लघुलहरी:
यूएसबीवर आणल्याबरोबर पहिल्याच ओळीपासून मजकूर स्वच्छ. पण आता मराठी फाइल फारच वेळ खाते, इंग्रजी भरभर जाते.

उलटी_बाजू:
यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘कि’ म्हणजे क आणि वेलांटी, झाले ६. एमएफएसके३२ मिनिटाला साधारण १२० इंग्रजी शब्द नेतं, म्हणजे ७०० च्या आसपास अक्षरं. त्यातच हे बाइट जायचे, शिवाय व्हॅरिकोडमध्ये (नेहमीच्या अक्षरांना छोटे कोड देणारी पद्धत) इंग्रजीबाहेरच्या बाइटना लांब कोड मिळतात. एफएलअँपमध्ये कॉम्प्रेशन चालू करा, बेस६४ (बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत बदलणारी पद्धत) ठेवा. फाइल पोचल्यावर समोरच्यांकडून गळलेल्या ब्लॉकचे आकडे मागवा आणि तेवढेच पुन्हा पाठवा. अख्खी फाइल दोनदा पाठवत बसू नका.