मदत हवी आहे: लेसोथोतला थाबा बोसियू डोंगर

नमस्कार मंडळी, सध्या जोहान्सबर्गला ताईकडे आलोय, आईबाबाही सोबत आहेत. लेसोथोची राजधानी मासेरूजवळच्या थाबा बोसियूला जायचं घाटतंय. १८२४ मध्ये राजा मोश्वेश्वे बासोथो लोकांना घेऊन या सपाट माथ्याच्या डोंगरावर आला. १८६५ मध्ये बोअरांनी (दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे वसाहतवाले) जंग जंग पछाडलं, तरी डोंगर पडला नाही. राजाची कबरही वरच आहे. बाबांना मात्र बासोथो टोपीसारखा दिसणारा किलोआनेचा सुळका बघायचाय, फोटो पाहून हटूनच बसलेत!

खुबेलूच्या वाटेने चढ कितपत खडा आहे? आईचे गुडघे दुखतात. वाटाड्या पायथ्याशी मिळतो का? मुख्य म्हणजे, मासेरू ब्रिजच्या सीमानाक्यावरून परत दक्षिण आफ्रिकेत शिरताना आईबाबांचा सिंगल एंट्री व्हिसा चालेल का? अलीकडे कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.