आकाशकंदील, तोरणे आणि दूरदर्शनवरच्या ताई : तुमच्या आठवणी सांगा

शेवंती_पुणे

यंदा माळा रिकामा करताना आकाशकंदिलाचा जुना सांगाडा हाती लागला. कामट्या काळवंडल्या आहेत, पण आजोबांनी मारलेल्या दोऱ्याच्या गाठी अजून घट्ट आहेत आणि एका कोनात जांभळ्या कागदाचा कपटा चिकटून राहिला आहे. तो बघताना मला ‘एक अनेक और एकता’मधली दीदी आठवली. सहामाही परीक्षा संपली की आमच्याकडे खळ शिजायची, ओसरीवर कागद कापले जायचे आणि त्याच दिवसांत दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत ही फिल्म हमखास लागायची. ती विजया मुळे यांनी 1974 मध्ये केली, भीमसेन यांनी त्यातली चित्रे हलती केली आणि गाण्यातला कोवळा आवाज साधना सरगम यांचा होता, हे सगळे मला फार पुढे कळले. जाळ्यासकट उडून जाणारी पाखरे सर्वांच्याच लक्षात असतील. मला मात्र मुलांचा प्रत्येक प्रश्न ऐकून घेणारी ती दीदी जास्त आवडे, कारण आमच्या घरात मुलांनी प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती. सणाची जुनी आरास आणि लहानपणी पडद्यावर भेटलेल्या अशा स्त्रिया यांच्याविषयी तुम्हीही लिहा.

काचनळी

आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर बरीच वर्षे आमच्या मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता. ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम लागला की त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडे. गुजराती शेजाऱ्यांची मुले ‘संताकुकडी’ हा त्यांच्या भाषेतला मुलांचा कार्यक्रम बघायला येत, आणि भाषा अर्धीच कळत असली तरी आम्हीही तिथून हलत नसू. दारावरचे तोरण मात्र आमच्याच घरचे सर्वांत देखणे होते. आजी काचेच्या नळ्या आणि मणी ओवून मोर करत असे, आणि एका मोराला तिची सबंध दुपार जाई, कारण नळीची कड धारदार असल्यामुळे दोरा मेणातून ओढून घ्यावा लागे आणि तरीही तो कधी कधी तुटे. भक्ती बर्वे निवेदन करू लागल्या की आजी हातातला दोरा थांबवून ऐकत असे. स्मिता पाटील बातम्या देत, तेव्हा ती त्यांच्या साडीचे काठ निरखून बघे. काळ्या-पांढऱ्या पडद्यावरून त्या साडीचा रंग कोणता असेल, यावर बायकांची चर्चा रंगायची. ते तोरण वाटणीत काकांकडे गेले आणि पुढे त्याचे काय झाले, हे कोणालाच सांगता येत नाही.

पोळीभाजी

काचनळी, तोरणाचे वाचून फार वाईट वाटले. आमच्याकडे क्रोशाचे होते, तेही असेच गेले. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता कुकर लावायचा आहे.

मोरचूद

शेवंतीताई, तो सांगाडा कृपया टाकू नका. त्यावर नवा कागद चढवता येतो. खळ मैद्याची करावी आणि शिजतानाच तिच्यात चिमूटभर मोरचूद घालावा, म्हणजे झुरळे आणि कसर कागदाला लागत नाहीत. मात्र मोरचूद विषारी असल्यामुळे ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये आणि लहान मुलांना खळीत हात घालू देऊ नये. खळ वाळली की कागद आपोआप ताणला जातो. करंज्या आणि झिरमिळ्या सर्वांत शेवटी लावाव्यात.

दूरदेशी

माझे बालपण न्यू जर्सीत गेले, त्यामुळे माझ्या ताई म्हणजे ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमातल्या मारिया आणि लिंडा. सोनिया मांझानो यांनी 1971 पासून 2015 पर्यंत मारियाची भूमिका केली. मारिया दुरुस्तीच्या दुकानात हत्यारे घेऊन टोस्टर उघडून बसायची, आणि माझी आई, जी तेव्हा नुकतीच साताऱ्याहून आली होती आणि इंग्रजी बोलायला बिचकत होती, माझ्या शेजारी बसून तिची वाक्ये हळूच पुटपुटायची. लिंडा बोव्ह स्वतः कर्णबधिर होत्या आणि 1978 च्या नाताळच्या खास कार्यक्रमात त्या मुलांसह खुणांच्या भाषेत गाणे सादर करतात. शेजारच्या वृद्ध बाईंनी आम्हाला नाताळच्या झाडाला लावायच्या ‘शायनी ब्राइट’ काचगोळ्यांचा एक खोका दिला होता. त्यांतल्या काही गोळ्यांना आतून चांदीचा मुलामा नव्हता, नुसत्या पातळ रंगीत रेघा होत्या, आणि वरची टोपी धातूऐवजी पुठ्ठ्याची होती. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई असताना ते तसे केले गेले, असे त्यांनीच सांगितले. आईने ते झाडाला न लावता आकाशकंदिलाखाली खिडकीत टांगले आणि पुढची कितीतरी वर्षे आमच्याकडे दिवाळीपासून नाताळापर्यंत ती खिडकी तशीच उजळत राहिली.

मांडवीकाठ

गोव्यातही हेच घडे. जी मुले दिवाळीला कंदील करत, तीच डिसेंबरात बांबू आणि कागदाची चांदणी करून शेजाऱ्यांच्या बाल्कनीत लावायला जात. कामट्या एकच, आकार तेवढा वेगळा. पडद्यावरची म्हणाल तर ‘मालगुडी डेज’मधली स्वामीची आई, म्हणजे वैशाली कासरवल्ली. फारसे न बोलता त्या किती सांगून जात! स्वामी घाबरून घरी आला की त्या केवळ बघत आणि आम्हाला धीर येई. त्याच्या आजीबद्दल कोणीतरी नक्की लिहा.

पोळीभाजी

कुकर झाला. आजी म्हणताच मला ‘दादा-दादी की कहानियाँ’मधल्या लीला मिश्रा आठवल्या. आमच्या गणपतीच्या मखराची थर्माकोलची महिरप आई ब्लेडने कापत असे, आणि ते पांढरे कण आठवडाभर घरभर सापडत. राज्यात थर्माकोलवर 2018 मध्ये बंदी आली, ते योग्यच झाले, पण आईच्या हातची ती नाजूक जाळी आता फक्त एका फोटोत राहिली आहे.

निळी_रांगोळी

दूरदेशी, तुम्ही लिंडा यांच्याविषयी लिहिलेत म्हणून मीही लिहिते. माझा धाकटा भाऊ जन्मतः ऐकू शकत नाही. दूरदर्शनवर रविवारी दुपारी कर्णबधिरांसाठी बातम्या लागत, आणि खुणा करणाऱ्या बाई पडद्यावर आल्या की तो सर्वांना हाताने थोपवून अगदी पुढे जाऊन बसे. घरात कोणाला तरी आपल्याआधी सगळे कळते, हा मान त्याला आठवड्यातून तेवढाच मिळायचा, कारण त्या बातम्या तोच आम्हाला समजावून सांगत असे. ठिपक्यांची रांगोळी आमच्या दारात तोच काढतो. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत रोज नवी असते आणि रंग भरताना तो कोणालाही हात लावू देत नाही. आज हा धागा त्याला वाचायला दिला आहे, त्याला त्या बाईंचे नाव हवे आहे. कोणाला ठाऊक असल्यास कृपया इथे लिहावे.