वारीसाठी जुना रेंजफाइंडर घ्यावा का? बजेट २५,०००

दिवेघाट:
नमस्कार मंडळी. दरवर्षी पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतो, फोटो काढतो. एसएलआरमध्ये शटर दाबलं की आरसा वर जाऊन नेमका तोच क्षण काळा होतो. रेंजफाइंडरवर (आरसा नसलेला, भिंगाशेजारच्या वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) आज खरंच काम होतं, की ती फक्त संग्राहकांची वस्तू उरलीय? चष्मा आहे. भिंगासकट २५,००० च्या वर जमणार नाही.

लायकाप्रेमी:
लायका एम३ घ्या. १९५४ चं डिझाइन, ०.९१ पट व्ह्यूफाइंडर (बघायची खिडकी), दृश्य जवळपास आहे तेवढंच दिसतं, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही वापरतो.

दादर_टीटी:
अहो, भिंगासकट लाखाच्या वर जाईल! शिवाय एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ मिमीच्या रुंद भिंगाची चौकटच नाही. गर्दीत लायकाचाच एम२ बरा.

लायकाप्रेमी:
फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक ५० मिमीच्या भिंगावरच काम करायचे.

रत्नांग्री:
कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जी-III बघा. ४० मिमी, एफ १.७, लीफ शटरचा (भिंगातल्या पात्यांचं शटर) आवाज जेमतेम. मीटरची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, पण मॅन्युअलवर शटर बॅटरीशिवाय चालतं. घेताना भिंगात टॉर्च मारून बघाच. आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते.

जुनाबाजार:
सोव्हिएत कॅमेरा मात्र नको. सोनेरी ‘लायका’ म्हणून घेतला, घरी कळलं की फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यावर ते नाव कोरलंय. विकणारा परत दिसला नाही.

दादर_टीटी:
आणि भिंगावरची टोपी काढा! व्ह्यूफाइंडर भिंगातून बघत नाही, टोपी राहिली तरी कळत नाही. भाचीच्या बारशाचा अख्खा रोल कोरा गेला.

लायकाप्रेमी:
उलट टोपी लावूनच फिरा. भिंग सूर्याकडे राहिलं तर शटरच्या कापडी पडद्याला भोक पडतं.

रत्नांग्री:
म्हणून म्हणतो, लीफ शटर घ्या. पडदाच नाही, जळणार काय?

लायकाप्रेमी:
एम३ एकदा हातात घेऊन बघा, एवढंच सांगतो.

दिवेघाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. सोव्हिएत रेंजफाइंडर झोर्की ४ घेतला, ज्युपिटर ८ भिंगासकट. व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबराला जुळवता येतो, चष्मा काढून स्वच्छ दिसलं, तिथेच ठरलं. दुरुस्तीवाल्या काकांनी समोर उघडून नवा पडदा दाखवला. फिल्म पुढे ओढल्याशिवाय स्पीड बदलायचा नाही, हे तीनदा बजावलं. उरलेल्या पैशांतून रोल घेतले.

जुनाबाजार:
नाव तरी नीट बघितलंत ना?