अजिंक्यताऱ्यावर पाणी न्यायला सॅक कोणती घ्यावी?

वडाची_सावली, सातारा

नमस्कार. मी शाहूपुरीत राहते, वय ४७. आम्ही सात-आठ जणी पाच वर्षांपासून अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची झाडं जगवतोय. वड, पिंपळ, करंज, बहावा अशी १४० झाडं आहेत. पावसाळ्यात बघावं लागत नाही, पण फेब्रुवारीपासून वळीव येईपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी नाही मिळालं, तर रोप हातचं जातं. गाडी जाते तिथवर टाकी नेतो. पुढे वीस मिनिटांची पायवाट, ती सगळी पाठीवर.

मी गोडेतेलाचे पाच लिटरचे चार कॅन भरून नेते, म्हणजे वीस किलो. गेल्या रविवारी निम्म्या चढावर सॅकचा उजवा पट्टा बुडापासून निघाला. दोन कॅन दगडावर आपटून फुटले, पाणी वाहून गेलं आणि वरची तीन रोपं कोरडी राहिली. फार लागलं मनाला. राजवाड्याजवळ बॅगा शिवणाऱ्या काकांना सॅक दाखवली. पट्ट्याचा दोरा शाबूत होता, पण त्याच्या मुळाशी कापडाची जाळी झाली होती. काका म्हणाले, "ताई, शिवून देतो, पण टाका धरायला कापड कुठाय?"

आता एकदाच चांगली घ्यायची आहे. पाच हजारांपर्यंत जाईन. ७५ लिटरची घेऊ का? खांद्यावर वळ उठतात आणि रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात, त्यावरही काही सांगा.

माणदेशी

ताई, आमच्याकडं शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातनं कावडी चढवत्यात. दोन्ही बाजूला सारखं वजन पडतं, पाठ मोकळी राहती. कावड करून बघा की.

वडाची_सावली, सातारा

दादा, करून बघितली. वाट एका माणसापुरती आहे, दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं. कावड अडकते, आणि दोन ठिकाणी हात टेकल्याशिवाय चढता येत नाही.

सह्यभटक्या, सातारा

ताई, आधी मुंग्यांचं. पट्टे खांद्यात रुतले की हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात. ते अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा आणि तोवर वजन उचलू नका.

आता सॅक. ७५ लिटर हे आतल्या जागेचं माप आहे, सॅक किती वजन पेलेल त्याचं नाही. पाणी जागा थोडी खातं आणि वजन पुरेपूर देतं. तुम्हाला ५० लिटर भरपूर झाली. मोठी घेतलीत तर कॅन आत हलत राहतील आणि प्रत्येक पावलाला ती मागे ओढेल. पैसे कमरपट्ट्यावर आणि पाठीच्या सांगाड्यावर घाला. कमरपट्टा जाड, ताठ हवा. दोन बोटांत दाबला की चपटा होणारा नको. तो पोटावर बांधायचा नसतो, कमरेच्या हाडांवर बसवायचा असतो. बसला नीट, की बहुतेक वजन खांद्यावरून उतरून पायांवर जातं. पण त्यासाठी पाठीत अॅल्युमिनियमची पट्टी किंवा ताठ चौकट लागते. नुसत्या फोमच्या पाठीला एवढं वजन कमरेपर्यंत पोचवता येत नाही.

घेण्याआधी पाठ मोजा. मान खाली घातली की तळाशी जो मणका वर येतो तिथून, कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवून होणाऱ्या रेषेपर्यंत. उंचीवर जाऊ नका. माझी बायको माझ्याहून चार इंच बुटकी, पण पाठ दोघांची सारखी. बायकांसाठी वेगळ्या बेताच्या सॅक मिळतात, त्यांचे पट्टे छातीवर काचत नाहीत. त्या घालून बघाच.

कापडाचं म्हणाल, तर डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. बुडाला ५००च्या पुढचं नायलॉन असेल तर दगडावर टेकवायला चालतं. पण तुमची सॅक जिथे गेली तिथे नीट बघा. सॅक आतून उलटी करा. पट्टा शिवलाय तिथे कापडाचा दुसरा थर हवा आणि आडवी दाट शिलाई हवी. एकेरी कापडावर साधी शिलाई दिसली, तर कितीही नावाजलेली असो, ठेवून द्या.

आणि राग मानू नका, पण वीस किलो कमी करा. तुमचं वजन किती? सॅक धरून अंगाच्या वजनाच्या पाव हिश्शापुढे रोज नेऊ नये.

फौजी_अपशिंगे

वरचं सगळं बरोबर. भरायचं कसं ते सांगतो, फौजेत पिट्टू, म्हणजे पाठीवरची सॅक, वाहिलाय. जड वस्तू पाठीला चिकटून, साधारण खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये. बुडाला जुनी गोधडी घाला, म्हणजे कॅन वर येतील. कॅन काठोकाठ भरा, अर्धवट कॅनमधलं पाणी डुचमळतं आणि उतारावर तोल घालवतं. उचलताना झटका नको. गुडघा टेकायचा, सॅक मांडीवर घ्यायची, मग एक हात, मग दुसरा. कमरपट्टा पहिला, खांद्याचे पट्टे नंतर.

वडाची_सावली, सातारा

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांना दाखवलं, पंधरा दिवस ओझं बंद होतं. माझ्या वाटणीचं पाणी मैत्रिणींनी नेलं.

मुलीनं टेप धरला, पाठ ४२ सेंटिमीटर भरली. पुण्याला डेकॅथलॉनमध्ये जाताना दोन भरलेले कॅन बरोबर नेले आणि दुकानातच सॅकमध्ये घालून अर्धा तास फिरले. पहिल्या दोन कमरेवर बसल्याच नाहीत. तिसरी ५० लिटरची, बसली. पट्ट्याच्या बुडाशी उलटून बघितलं, दुहेरी कापड आहे. वजन माझं ५४ किलो, म्हणून आता दोनच कॅन आणि दोन फेऱ्या.

काल पहिल्यांदा गेले. खांद्यावर वळ नाही, हात रात्रभर शांत. कोरडी राहिलेली दोन करंजं सावरली आहेत. वडाची पानं गळली, पण नखानं साल खरवडली तर आत हिरवी आहे. त्याला एक तांब्या जास्तीचा घातला.