माटोळी यंदा मुलांच्या हाती (सोसायटी ग्रुप, म्हापसा)

सी-३०१: यंदा चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर फळं-भाज्या टांगलेली चौकट, पोरांकडून बांधून घ्यायची म्हणतो. संस्कारांवर भाषण द्यायचं नाही. काय सांभाळावं लागेल?

ए-१०२ काकी: भाषण नको हे उत्तम. पण अर्धवट काम देऊ नका. "जरा दोर धर" म्हटलं की पाच मिनिटांत पोर मोबाइलवर. एकेकाला एक वस्तू पूर्ण द्या: यादीत लिहिणं, बाजारात ओळखून घेणं, बांधणं आणि विसर्जनानंतर उतरवून वाटणं. पाच वर्षांच्याला सुपारीचं शिपटं (घोस), आठ-नऊच्याला तवशी (मोठ्या काकड्या), बारापुढच्यांना नारळ आणि हिशेब. बाजारात सगळं एकत्र बांधलेला वाटा मिळतो, तो घेऊ नका. घेतलात तर नावं शिकायची कधी?

बी-२०४: आधी छत बघा, काका. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला हूक मारलात तर सगळं गणपतीवर येईल. सालासकट नारळ दीड किलोच्या आसपास जातो. नारळाच्या पाच जोड्या, म्हणजे दहा नारळ, पंधरा किलो, वर केळीचा घड. वरच्या स्लॅबमध्ये चार कोपऱ्यांना अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट). भाड्याचा फ्लॅट असेल तर बांबूचे चार खांब उभे करून त्यावर चौकट.

सी-३०१: दोर कसला? नायलॉन चालेल?

ए-१०२ काकी: चालेल, पण गुळगुळीत तवशावरून सटकतो. केवणीच्या (रानझुडपाच्या) सालीचा दोर घ्या आणि बांधण्याआधी भिजवा, सुका गाठीत तुटतो. तवशाला एकच फेरा नको, दोन फेरे आडवे-उभे घालून शिंक्यासारखं धरायचं. नारळाला दोर लागतच नाही: दोन्ही नारळांच्या सालीची अंगठ्याएवढी रुंद पट्टी देठाच्या उलट टोकापासून सोलून सोडवायची, पण देठाकडे तोडायची नाही. मग दोन पट्ट्यांची गाठ मारून जोडी चौकटीवर टाकायची. पट्टी बारीक झाली की तुटते.

बी-२०४: वजन समोरासमोर. घड एका बाजूला, तर नारळ दुसऱ्या. नाहीतर चौकट कलते. पिकलेला चिबूड मूर्तीच्या डोक्यावर नको, देठ सुटतो.

ए-१०३: कवंडळ आणि कळलावी या रानवेली मुलांच्या हातात देऊ नका. दोन्ही विषारी. कवंडळाचं लालभडक फळ लहानग्यांना हमखास खावंसं वाटतं. ही दोन मोठ्यांनी बांधावी, मग सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. रानातून आणणार असाल तर मुळासकट उपटू नका, कात्रीने कापा.

सी-३०१: आणि मुलांची गाठ सैल राहिली तर?

ए-१०२ काकी: इथेच सगळे चुकतात. मुलं झोपली की आईबाप गुपचूप सगळं सोडून परत बांधतात. सकाळी पोरांना कळतंच! मग पुढच्या वर्षी कोण हात लावेल? जड वस्तूची गाठ त्यांच्यासमोर ओढून बघा, सुटली तर त्यांनाच परत मारायला सांगा. तवसं वाकडं लटकलं तर लटकू दे, स्पर्धेला थोडंच चाललोय. ती हौस असेल तर गोव्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा आहेच.

सी-३०१: 😄 समजलं. घागऱ्या कोणाला द्यायच्या?

ए-१०३: आमच्या धाकट्याला. शेंगा वाळल्या की वाजतात, उतरवायला तोच पहिला येईल.