शिकागो की ह्यूस्टन? सोसायटी ग्रुप, रविवार संध्याकाळ

पाटणकर काकू (बी-४०२): नमस्कार मंडळी 🙏 विषय सोसायटीचा नाही, निकम सरांनी ओरडू नये. आमच्या मृण्मयीला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय, एक शिकागो, एक ह्यूस्टन. पगार उन्नीस-बीस. तिचं एकच म्हणणं, मला भर शहरात राहायचंय आणि गाडी घ्यायची नाही. आपल्या ग्रुपवर दोन्हीकडची माणसं आहेत म्हणून विचारते. जास्त शहरासारखं कोणतं?

गोडबोले काका (ए-१०१): शिकागो अमेरिकेतलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर, ह्यूस्टन चौथ्या. २०२० च्या जनगणनेत शिकागो साडेसत्तावीस लाख, ह्यूस्टन तेवीस लाख. थोडक्यात सारखंच. पगार आणि हवा बघून ठरवा.

केदार (सी-५०३, सध्या ह्यूस्टन): काका, आकडे बरोबर, पण क्षेत्रफळही घाला. शिकागो साधारण ५९० चौरस किलोमीटर, आमचं ह्यूस्टन साडेसोळाशेच्या पुढे. तिथे एका चौरस किलोमीटरला साडेचार हजारांवर माणसं, इथे चौदाशेही नाहीत. आजूबाजूची वस्ती पोटात घेत घेत हे शहर वाढलंय. किंगवूड तर १९९६ ला ओढून घेतलं, तिथले लोक नको नको म्हणत असताना.

गोडबोले काका (ए-१०१): समाविष्ट गावं 😄 टॅक्स आधी, पाणी नंतर.

वैद्य आजी (ए-३०३): आम्ही शिकागोला मुलाकडे अख्खा उन्हाळा काढला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुधाची पिशवी आणायची तर सुनेने गाडी काढायची. कसलं आलंय शहर!

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): आजी, तुम्ही नेपरव्हिलला होतात ना? ते शिकागो नाही. पन्नासेक किलोमीटर लांबचं उपनगर आहे.

वैद्य आजी (ए-३०३): मुलगा तर शिकागोच सांगतो सगळ्यांना.

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): सगळेच सांगतात आजी. नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग, तिकडचा प्रत्येक मराठी माणूस "शिकागोला असतो".

काकू, आता सविस्तर लिहिते. मी लिंकन स्क्वेअरला राहते, ब्राउन लाइन या लोकलच्या मार्गावर. इथल्या उंच इमारती बघून लोक भारावतात, विलिस टॉवर एकशे दहा मजली, १९९८ पर्यंत जगात सगळ्यात उंच वगैरे. पण मला शहर वाटतं ते त्यामुळे नाही. घराबाहेर पडलं की दोन-तीन मिनिटांत केमिस्ट, न्हावी, बेकरी, बस स्टॉप. आणि घराचं दार थेट फुटपाथवर. याचं कारण फार लोकांच्या लक्षात येत नाही. इथे बहुतेक घरांच्या मागून एक बोळ जातो. कचऱ्याचे डबे तिकडे, गॅरेजचं तोंड तिकडे, विजेचे खांब तिकडे. त्यामुळे समोरचा रस्ता माणसांसाठी मोकळा राहतो. दुमजली, तिमजली घरं, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, घरं एकमेकांना जवळजवळ खेटून. टॉवर न बांधताही एका रस्त्यावर किती माणसं मावतात बघा.

सकाळी लोकलने लूपकडे, म्हणजे शहराच्या मध्यभागाकडे, जाते तेव्हा या घरांची मागची बाजू दिसते. राखाडी रंगाचे लाकडी जिने, जिन्यावर कुंड्या, सायकली, कोणीतरी कॉफी घेऊन उभं. गाडी इतक्या जवळून जाते की त्याच्या टीशर्टवरचं वाचता येतं. लूपमध्ये रूळ रस्त्याच्या डोक्यावरून जातात, १८९७ पासून तसेच आहेत, वळणावर चाकं अशी किंचाळतात की खाली उभ्या माणसाचं बोलणं अर्धवट तुटतं.

निकम सर (सचिव): सर्व सभासदांना सूचना. उद्या सकाळी १० ते १२ वरच्या टाकीची सफाई आहे. पाणी भरून ठेवावे. तसेच ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे याची नोंद घ्यावी.

पाटणकर काकू (बी-४०२): हो सर, दहाच मिनिटं. स्नेहा, रात्री एकटीने गाडी पकडायची तर?

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): रेड आणि ब्लू लाइन चोवीस तास चालतात. रात्री उशिरा डबा निवडून बसावं लागतं, खोटं कशाला सांगू. मी बारानंतर टॅक्सीच करते. आणि पत्ते इतके सोपे की हरवायला होत नाही. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे मिळतात तिथे शून्य, तिथून आठशे नंबर सरकले की साधारण एक मैल. घर नंबर ऐकला की घर किती लांब ते कळतं. ही पद्धत १९०९ ची आहे.

गोडबोले काका (ए-१०१): आपल्याकडे "मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर".

केदार (सी-५०३, सध्या ह्यूस्टन): आता माझी बाजू, नाहीतर सगळे म्हणतील मी वाळवंटात राहतो.

ह्यूस्टनला एकच मध्य नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. डाउनटाउन एक. तिथून दहा-एक किलोमीटरवर गॅलेरिया, तिथला विल्यम्स टॉवर चौसष्ट मजली. मेडिकल सेंटर स्वतःच एक शहर, तेवढं मोठं हॉस्पिटल-संकुल जगात दुसरं नाही. एनर्जी कॉरिडॉर आणखी पश्चिमेला. लांबून बघितलं तर क्षितिजावर तीन-चार ठिकाणी वेगवेगळी शहरं दिसतात. मधली जागा फ्रीवे, पार्किंग आणि बैठी दुकानं. केटी फ्रीवे सगळ्यात रुंद भागात बाजूचे फीडर (सर्व्हिस रोड) धरून २६ लेनचा आहे. त्याच्या खालून चालत पलीकडे जाऊन बघा, शहर वगैरे शब्द सुचत नाहीत.

डाउनटाउनमध्ये दुपारी एक वाजता रस्ते ओस. लोक गेले कुठे? जमिनीखाली. दहा-एक किलोमीटरचे बोगदे आहेत इमारतींना जोडणारे, सगळे तिथे एसीत जेवतात. शनिवार-रविवार ते बंद.

आणि इथे झोनिंग नाही. कुठे घर, कुठे दुकान, कुठे टॉवर, असा सरकारी नकाशाच नाही. १९४८, १९६२ आणि १९९३, तीनदा मतदान झालं, तिन्ही वेळा लोकांनी नको म्हटलं. त्यामुळे माझ्या मॉन्ट्रोझमध्ये जुना बंगला, शेजारी टॅटूचं दुकान, त्याला लागून आठ मजली अपार्टमेंट. मला ते आवडतं बुवा. शिकागोपेक्षा हे आपल्याकडच्या रस्त्याला जवळचं वाटतं.

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): केदार, मी आले होते तेव्हा तुझ्या गल्लीत नवीन टाउनहाउसची ओळ बघितली. तळमजल्यावर सलग गॅरेजची दारं. रस्त्याला एक खिडकी नाही. इतकी दाटीवाटीने घरं बांधूनही रस्त्यावर बघायला कोणी नाही. चालताना मला तेच खटकलं, उन्हापेक्षा जास्त.

केदार (सी-५०३, सध्या ह्यूस्टन): मान्य. १९९८ नंतर लूप ६१० या रिंगरोडच्या आत छोट्या प्लॉटला परवानगी मिळाली, तेव्हापासून एका जुन्या घराच्या जागी तीन-चार उभी राहतात. पण गाड्या तेवढ्याच, म्हणून खाली गॅरेज.

तरी एक सांगतो. हिलक्रॉफ्टला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट आहे. सगळं स्ट्रिप मॉलमध्ये, म्हणजे रांगेतल्या बैठ्या दुकानांत, दिसायला कळकट पार्किंग लॉट. पण एका लॉटमध्ये साडीचं दुकान, पाकिस्तानी कबाब, पलीकडे लॅटिन अमेरिकन बेकरी. संध्याकाळी पार्किंगमध्ये उभं राहून पान खाणारे लोक. फुटपाथ नाही पण गर्दी आहे.

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): तसं आमच्याकडे डेव्हन अव्हेन्यू. पटेल ब्रदर्स या देशी किराणावाल्यांचं पहिलं दुकान तिथलंच, १९७४ चं. फरक इतकाच की तिथे मी बसने जाते आणि पिशव्या घेऊन बसनेच येते.

पण शिकागोचं फार गोडही ऐकू नका. मी सांगते ते उत्तरेच्या बाजूचं. दक्षिण आणि पश्चिमेला असे ब्लॉक आहेत जिथे दोन घरं आणि मध्ये गवत. रूळ आहेत, स्टेशन आहे, दुकानं गेली. १९५० ला इथे छत्तीस लाख लोक होते, आता किती ते काकांनी वर लिहिलंय. रस्त्यांचा आराखडा तोच, पण काही भागांत शहर विरून गेलंय, आणि त्याची झळ मुख्यतः काळ्या वस्त्यांना बसली.

वैद्य आजी (ए-३०३): थंडीचं कोणी बोलतच नाही. पोरगी स्टेशनवर गोठेल.

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): जानेवारी २०१९ मध्ये उणे तीस सेल्सियसपर्यंत गेलं होतं आजी. स्टेशनवर हीटरचे दिवे असतात, बटण दाबलं की पेटतात, त्याखाली सगळे दाटीने उभे राहतात. सवय होते. आमच्याकडे शहरात चारांतल्या एका घरात गाडीच नाही, तेही जगतातच.

निकम सर (सचिव): ह्यूस्टनला पूर आला होता ना? त्याबद्दल कोणी लिहिले नाही.

गोडबोले काका (ए-१०१): सर, सोसायटीच्या कामासाठी ग्रुप 😄

केदार (सी-५०३, सध्या ह्यूस्टन): हो सर, हार्वी वादळ, ऑगस्ट २०१७. सपाट जमीन, त्यावर इतकं काँक्रीट, पाणी जाणार कुठे. काकू, एक विचारायचं राहिलंच. दोन्ही ऑफिसचे पत्ते काय आहेत?

पाटणकर काकू (बी-४०२): थांब, तिला विचारते. … शिकागोचं ऑफिस शॉमबर्गला आहे म्हणाली, कुठल्या मोठ्या मॉलजवळ. ह्यूस्टनचं मेडिकल सेंटरमध्येच, हॉस्पिटलच्या रिसर्चचं काम.

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): अरे देवा. मग मी वर लिहिलेलं सगळं निम्मं खोडा.

शॉमबर्ग म्हणजे आजींच्या नेपरव्हिलचा भाऊ. मेट्राचं, म्हणजे उपनगरी रेल्वेचं, स्टेशन आहे, पण मॉलपासून बरंच लांब. शहरात राहून रोज ब्लू लाइनने रोझमाँट आणि तिथून पेसची (उपनगरी सेवेची) बस, असं करता येतं, करणारे आहेत. पण येऊन-जाऊन तीन तास धरा. वर्षभरात एकतर ती गाडी घेईल नाहीतर शॉमबर्गला राहायला जाईल.

केदार (सी-५०३, सध्या ह्यूस्टन): आणि इथे उलटं! २००४ पासून रेड लाइन रेल्वे आहे, डाउनटाउन, मिडटाउन, म्युझियम डिस्ट्रिक्ट, राइस युनिव्हर्सिटी आणि मग थेट मेडिकल सेंटर. अख्ख्या ह्यूस्टनमध्ये गाडीशिवाय नीट राहता येईल असा जो एक पट्टा आहे, तिचं ऑफिस नेमकं त्यावर. तिकीट सव्वा डॉलर. म्युझियम डिस्ट्रिक्टमध्ये झाडं आहेत, सलग फुटपाथ आहेत, हर्मन पार्क चालत.

गोडबोले काका (ए-१०१): शिकागोला येऊन उपनगर आणि ह्यूस्टनला जाऊन शहर. वा.

स्नेहा (बी-१०४, सध्या शिकागो): काका, पट्ट्यातून बाहेर पडली की मात्र उबर. मैत्रीण केटीला, म्हणजे लांबच्या उपनगरात, राहत असेल तर ती भेटलीच म्हणून समजा. मृण्मयीला सांगा, ऑफरला हो म्हणायच्या आधी शिकागोवाल्यांना विचार की आठवड्यातले किती दिवस ऑफिसला यावं लागेल. दोनच दिवस असतील तर शिकागो, डोळे झाकून. पाच असतील तर केदारचं ऐक.

पाटणकर काकू (बी-४०२): विचारलं. चार दिवस म्हणतायत.

केदार (सी-५०३, सध्या ह्यूस्टन): मग या इकडे. फक्त घर बघताना तळमजला नको, आणि पत्ता टाकून पूररेषेचा नकाशा आधी बघायचा. मेडिकल सेंटरच्या बाजूनेच ब्रेझ बायू हा ओढा जातो. २००१ ला ॲलिसन वादळात हॉस्पिटलांच्या तळघरांत पाणी शिरलं होतं, त्यानंतर त्यांनी पूर अडवणारे दरवाजे बसवले, पण भाड्याच्या घरांना कोण दरवाजे बसवतंय. दोन-तीन बिल्डिंगची नावं तिला रात्री पाठवतो.

निकम सर (सचिव): पाटणकर मॅडम, मुलीचे अभिनंदन. उद्या १० वाजता पाणी बंद.